घरी बंदूक साफ करताना: गज, चिंधी, वंगण आणि रिकामी असल्याची खात्री

पितळी_ब्रश:

घरच्या घरी बंदूक साफ करण्याबद्दलचे प्रश्न दहा ठिकाणी विखुरलेत, म्हणून एका धाग्यात घेतो. विषय साफसफाई, वंगण आणि साठवण एवढाच. ट्रिगर हलका करणं, स्प्रिंग कापणं वगैरे प्रश्न इथे नकोत, ते गनस्मिथचं (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं) काम.

सुरुवात टेबलापासून. साफसफाई चालू असलेल्या खोलीत काडतूस असता कामा नये. खोक्यात नाही, खिशात नाही, भरलेल्या सुट्या मॅगझिनमध्येही नाही. सगळं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मगच बंदूक टेबलावर येते.

रिकामी करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा झाला की घात होतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढायची. कोणी आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेतलं) काडतूस टप्पकन बाहेर पडतं, ते डोळ्यांना दिसतं आणि मन निर्धास्त होतं. पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये सारते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी हातात भरलेलं पिस्तूल. साफसफाई करताना गोळी सुटण्यामागे हीच गफलत वारंवार असते.

म्हणून: नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, मॅगझिन काढा, स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे ओढा, मागे अडकवून ठेवा. चेंबरमध्ये बघा, मग करंगळी घालून चाचपा. मॅगझिनची पोकळीही चाचपा. नजर दुसरीकडे वळवून पुन्हा एकदा बघा. डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं, बोटाला तसं होत नाही. मध्येच उठून फोन घेतला, दार उघडलं, तर परत येऊन हे सगळं पहिल्यापासून.

ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत स्लाइड उतरवण्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो. तिथे वरची तपासणी झाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, आणि ट्रिगर ओढतानाही तोंड अशा दिशेला हवं की गोळी सुटलीच तर ती अडेल. आतून पोकळ असलेली भिंत गोळी अडवत नाही.

दुनळी:

+१. फक्त क्रम सगळ्यांना सारखा नाही, म्हणून भर घालतो.

नळकांडी मॅगझिनच्या बंदुका, म्हणजे पंप शॉटगन आणि काही पॉइंट टू टू रायफली, फसव्या. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) कितीही वेळा मागेपुढे केला तरी नळकांड्यात एखादं काडतूस अडकून राहू शकतं: स्प्रिंग मळलेली असली की, किंवा नळकांड्याला पोचा असला की. आत काडतूस ढकलणारा फॉलोअर डोळ्यांनी दिसला पाहिजे. बहुतेक बंदुकांत तो भडक रंगाचा असतो तो याचसाठी. तो दिसत नसेल तर बंदूक भरलेली समजा.

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बोल्ट उघडा, मॅगझिन रिकामं करा, चेंबर चाचपा आणि बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा. दुनळी मोडून उघडली की दोन्ही चेंबर एका नजरेत दिसतात, त्या बाबतीत तिच्यासारखी प्रामाणिक बंदूक नाही.

ओलीचिंधी:

गज कोणता वापरावा? बाजारात तीन तुकड्यांचे आटे असलेले गज सहज मिळतात, वाहून न्यायलाही सोपे. त्यांत खरंच वाईट काय आहे?

पितळी_ब्रश:

सांध्यांची कड. तीन तुकडे जोडलेला गज जोर लावला की वाकतो आणि सांध्याची धार रायफलिंगवर (नळीच्या आतल्या पीळदार खाचांवर) घासते. अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर आणखी एक गोष्ट: मऊ धातूत कचरा रुतून बसतो आणि गजच कानशीसारखा चालायला लागतो. घरी वापरायला एकसंध गज घ्या, पोलादावर प्लॅस्टिकचं आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे ब्रश रायफलिंगच्या पिळाबरोबर फिरतो. प्रत्येक फेरीनंतर गज पुसायचा.

गज शक्यतो मागून, चेंबरच्या बाजूने घाला. नळीच्या तोंडाशी जी कड असते, क्राउन, तिला सोडून गोळी बाहेर पडते. त्या कडेवर एका बाजूला जरी झीज झाली तरी मागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. रायफल अचानक फैलाव द्यायला लागली की लोक दुर्बिणीला दोष देतात आणि दोष बऱ्याचदा तोंडातून गज घालणाऱ्या हाताचा असतो. मागून जाता येतच नसेल, काही सेमी-ऑटो आणि लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये येत नाही, तर तोंडावर बसणारा पितळी किंवा प्लॅस्टिकचा मार्गदर्शक लावा, नाहीतर दोरीचा बोअर-स्नेक मागून पुढे ओढा. बोअर-स्नेक सरळ ओढायचा, तिरका नाही, आणि धुवायचा. न धुतलेला बोअर-स्नेक मागच्या वेळची घाण परत नळीत नेतो.

बोल्ट-अ‍ॅक्शनला बोअर गाइड जरूर वापरा. बोल्टच्या जागी बसणारी ही नळी गज मध्यावर ठेवते आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात गळू देत नाही.

शून्यवारा:

रायफलीच्या नळीची साधी फेरी लिहून ठेवतो, नवीन लोकांना उपयोगी पडेल. कार्बन काढणाऱ्या सॉल्व्हंटने भिजवलेल्या दोन-तीन चिंध्या मागून पुढे, प्रत्येक चिंधी तोंडाशी काढून टाकायची, मागे ओढायची नाही. पाच ते दहा मिनिटं थांबा. घाई करणाऱ्यांची सगळी मेहनत इथेच वाया जाते, काम सॉल्व्हंटला करू द्यायचं असतं. मग बरोबर मापाचा कांस्य ब्रश आठ-दहा वेळा. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर पडल्याशिवाय उलटा ओढायचा नाही. मध्येच दिशा बदलली की तारा उलट्या वाकतात, ब्रश बाद होतो आणि कधीकधी अडकून बसतो. पुन्हा दोन ओल्या चिंध्या, मग चिंधी पांढरी किंवा फिकट राखाडी येईपर्यंत कोरड्या.

ब्रश बाटलीत बुडवू नका. बाटलीभर सॉल्व्हंट एका दिवसात काळं होतं. ड्रॉपरने ब्रशवर चार थेंब टाका.

चेंबरसाठी वेगळा, थोडा मोठा ब्रश असतो. चेंबर शेवटी ठणठणीत कोरडं हवं. गोळी सुटते तेव्हा काडतुसाचं पितळी कवच (केस) फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं आणि मागचा दाब थोडा स्वतः पेलतं. भिंतीवर तेल असलं की ती पकड सुटते आणि तो भार बोल्टच्या लग्जवर (त्याला जागेवर अडकवणाऱ्या कंगोऱ्यांवर) येतो.

नवखा_नेमबाज:

आणि तांबं? चिंधी निळसर हिरवी येत राहते, संपतच नाही. मोरचुदासारखा रंग. किती वेळ घासायचं?

शून्यवारा:

आधी ब्रश बघा. कांस्य ब्रशवर अमोनियाचं सॉल्व्हंट घातलं तर ब्रशच विरघळतो आणि चिंधी निळी येत राहते. नळी कधीच स्वच्छ झालेली असते आणि माणूस ब्रश धूत बसतो. तांबं काढताना नायलॉन ब्रश आणि प्लॅस्टिक किंवा निकेलचा जॅग (गजाचं चिंधी धरणारं टोक) वापरा. पितळी जॅगही हाच खोटा निळा दाखवतो.

अमोनिया असलेलं सॉल्व्हंट १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त नळीत ठेवू नये, रात्रभर तर अजिबात नाही. त्याच्या बाटलीवर लिहिलेली वेळ शेवटची. दोन वेगवेगळी सॉल्व्हंट नळीत एकत्र करू नका. एक पूर्ण पुसून काढा, मग दुसरं. निकेल मुलामा दिलेल्या पिस्तुलावर अमोनिया लागू देऊ नका, मुलाम्याखाली अनेकदा तांब्याचा थर असतो आणि तो पोखरला की निकेलचे पापुद्रे निघतात.

पितळी_ब्रश:

इथे माझं मत वेगळं आहे. प्रत्येक वेळी शेवटच्या कणापर्यंत तांबं काढायची गरजच नाही. बऱ्याच नळ्या पूर्ण स्वच्छ केल्यावर पहिल्या काही गोळ्या वेगळ्याच जागी मारतात आणि पातळ थर बसल्यावर स्थिरावतात. कार्बन दरवेळी काढा, तांबं नेम बिघडायला लागला की. घासून घासून वाया गेलेल्या नळ्या कमी नाहीत.

शून्यवारा:

घासून वाया जाते ती चुकीच्या गजाने, सॉल्व्हंटने नाही. पण दमट हवेत तांब्याच्या थराखाली ओल अडकते आणि तिथे गंजाचे खड्डे पडतात, म्हणून बंदूक महिनोनमहिने ठेवून द्यायची असेल तर तांबं काढलेलंच बरं. रोज वापरात असेल तर तुमच्याशी सहमत.

काळीदारू:

एक मुद्दा राहतोय. जुन्या लष्करी साठ्यातल्या बऱ्याच काडतुसांत पोटॅशियम क्लोरेट असलेले प्राइमर (काडतूस पेटवणाऱ्या टोप्या) असतात. बार झाला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठच, स्वयंपाकाच्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दमट हवेत एका रात्रीत नळी लाल होते. तेलात किंवा नेहमीच्या सॉल्व्हंटमध्ये हे मीठ विरघळत नाही. लोक सॉल्व्हंट फिरवतात, वरून तेल लावतात आणि मीठ तेलाखाली सुरक्षित बसतं.

इलाज पाण्याचा. गरम पाण्याने नळी, चेंबर, बोल्टचा चेहरा आणि गॅसवर चालणाऱ्या रायफलीत गॅस सिलिंडर व पिस्टन धुवायचे. पाणी कडकडीत गरम असलं की पोलाद तापतं आणि स्वतःच वाळतं. लगेच कोरड्या चिंध्या, मग नेहमीची साफसफाई, मग तेल. यात अमोनियाची काही जादू नाही, मीठ नेतं ते पाणीच.

काळ्या दारूच्या तोड्याच्या किंवा टोपीच्या बंदुकांनाही साबणाचं गरम पाणी. त्यात खनिज तेल आधी लावलं तर काळं डांबरासारखं लुकण होतं. आणि तोंडातून भरायच्या बंदुकीत 'रिकामी आहे' हे ठरवायला बंदूक रिकामी असताना गज तळापर्यंत सोडून त्यावर तोंडाशी खूण करून ठेवतात: पुढच्या वेळी गज आत सोडला की ती खूण तोंडाशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर आत बार आहे.

रिमफायर२२:

पॉइंट टू टूचा वेगळा हिशोब. तिची गोळी मऊ शिशाची, वरून मेण. नळीला वारंवार ब्रश मारायची गरज नसते, चार-सहा चिंध्या पुरतात. नेम बिघडला तर चेंबरच्या पुढे लगेच बघा, तिथे कार्बन आणि शिशाचं कडं बसतं. तिथेच ब्रश चालवा, सगळ्या नळीत नाही. मळतं ते अ‍ॅक्शन: बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस बाहेर ओढणाऱ्या) नखाखालची खाच. काडतूस बाहेर येईना झालं की आधी ती खाच टूथपिकने कोरा.

रिमफायर रिकामी उडवू नका, कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर. फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर बसते, काडतूस नसलं की थेट चेंबरच्या ओठावर. तिथे खड्डा पडतो, धातू आत सरकतो आणि मग काडतूस नीट बसत नाही.

सहाघरी:

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी. सिलिंडर उघडलं की तोंड आकाशाकडे करून एजेक्टर दांडा एकदाच जोरात दाबा. आडवं धरून हळूहळू दाबलं तर न जळलेल्या दारूचे कण एजेक्टरच्या चांदणीखाली शिरतात. तिथे एक कण बसला तरी सिलिंडर घट्ट फिरतं, ट्रिगर जड होतो आणि लोकांना वाटतं आतलं यंत्र बिघडलं. कोरड्या टूथब्रशने चांदणीची मागची बाजू आणि ती बसते ती जागा झाडा. तिथे तेल नाही.

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: .३८ चं केस सुमारे ३.४ मिमी आखूड असतं, त्यामुळे त्याच्या तोंडाशी चेंबरमध्ये कार्बनचं कडं तयार होतं. ते साठलं की लांब .३५७ आत जाताना अडतं. चेंबरला मापापेक्षा एक नंबर मोठा कांस्य ब्रश लावा आणि जोराने सारून बसवू नका, केसचं तोंड आवळून धरलं गेलं तर दाब वाढतो.

सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका, क्रेन (सिलिंडर धरणारा बिजागरीचा हात) वाकते. बाजूचं झाकण पेचकसाने उचकटायचं नाही. उघडावंच लागलं तर स्क्रू काढून लाकडी दांड्याने फ्रेमवर हलके ठोके द्यायचे, झाकण आपोआप वर येतं. पण ते दरवेळी उघडायचं कारणच नाही. आणि पेचकस समांतर बाजूंच्या टोकाचा (हॉलो-ग्राउंड), खाचेत गच्च बसणारा घ्या. घरातला पाचरीच्या आकाराचा घसरतो आणि स्क्रूची खाच कायमची फाटते.

दुनळी:

बारा बोरमध्ये प्लॅस्टिक वॉडचा (छऱ्यांमागच्या बुचाचा) थर बसतो, चोकच्या (नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भागाच्या) आधी आणि चेंबरच्या पुढे. चकचकीत नळीत राखाडी पट्टे दिसतात ते हेच. सॉल्व्हंट, दहा मिनिटं, १२ बोरचा कांस्य ब्रश. स्क्रू-चोक असतील तर दर साफसफाईला काढा, आटे पुसा, बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीस लावून पुन्हा घट्ट बसवा. चोक न बसवता बार काढला तर नळीतले आटे खराब होतात.

बिजागरीच्या पिनला ग्रीस, अगदी पातळ थर. आधी जुनं पुसा. जुन्या ग्रीसमध्ये वाळूचे कण मिसळलेले असतात, त्यावर नवं थापलं तर घासणी तयार होते. नळ्या उतरवलेल्या असताना ट्रिगर ओढू नका, बऱ्याच हॅमरलेस दुनळ्यांत कॉकिंगचे दांडे पुढे येतात आणि नळ्या परत बसता बसत नाहीत.

अवांतर वाटेल, पण आहे महत्त्वाचं: घरात १२ आणि २० बोर दोन्ही असतील तर काडतुसं एकत्र ठेवू नका. २० बोरचं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकतं. उघडून पाहिलं तर चेंबर मोकळं दिसतं, त्यात १२ चं काडतूस मावतं आणि बार केला की नळी फुटते, डाव्या हाताच्या जागीच. २० बोरचे कवच पिवळे करतात ते याचसाठी.

ओलीचिंधी:

वंगण नेमकं किती? आणि डब्ल्यूडी-४० चालेल का? घरात असतं म्हणून विचारतो.

पितळी_ब्रश:

सरकतं तिथे ग्रीस, फिरतं तिथे तेल, आणि थेंब मोजून. पिस्तुलाच्या स्लाइडच्या प्रत्येक रुळाला एक थेंब, नळीच्या वरच्या चकाकणाऱ्या पट्ट्यावर पातळ हात, ट्रिगर बारच्या जोडावर अर्धा थेंब. पुस्तिकेत जागा दाखवलेल्या असतात. बोल्ट-अ‍ॅक्शनच्या लग्जच्या मागच्या बाजूला आणि कॉकिंग उतारावर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. गॅस पिस्टन कोरडा, तिथे तेल जळून कडक कार्बन होतो. मॅगझिनच्या आतही कोरडं, तेलाला धूळ चिकटते, फॉलोअर अडखळतो आणि तेच तेल काडतुसाला लागतं. तेल पाझरून प्राइमर मेला की काडतूस चालत नाही.

फायरिंग पिनचं भोक हे तेलाचं ठिकाण नाही. तिथे तेल आणि कार्बन मिळून चिकट लोणी होतं, थंडीत ते घट्ट होतं आणि पिन जोर लावत नाही, काडतूस उडत नाही. उलटंही घडतं. एसकेएससारख्या रायफलीत पिन मोकळी मागेपुढे हलणारी असते. साठवणीचं कॉस्मोलिन (गंज रोखणारं घट्ट ग्रीस) बोल्टमध्ये राहिलं, पिन पुढे अडकून राहिली, तर बोल्ट पुढे जाताच ट्रिगर न ओढता गोळी सुटते, एकामागून एक. अशी रायफल ताब्यात आली की बोल्ट पूर्ण उघडून कॉस्मोलिन काढायचं. साफ झालेला बोल्ट कानाशी हलवला की पिनचा खुळखुळ स्पष्ट ऐकू येतो.

डब्ल्यूडी-४० १९५३ चं, पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. भिजलेल्या बंदुकीतून पाणी काढायला छान. वंगण म्हणून टिकत नाही, उरतं ते चिकट होतं. फवारलंच तर पुसून मग खरं तेल लावा. रॉकेल कार्बन सोडवतं, पण संरक्षण देत नाही, पुसून तेल हवंच. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ शून्याखालीही पेट घेते. कुठलंही खाद्यतेल नको, हवेने ते वार्निशसारखं सुकतं. आणि ब्रेक-क्लीनर, अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक फ्रेमवर आणि लाकडाच्या पॉलिशवर उडवू नका.

हवाबंद:

एअर रायफलवाले हे सगळं वाचून तिला तेल घालतील म्हणून घाईने लिहितो. स्प्रिंग-पिस्टनच्या रायफलीत ट्रान्सफर पोर्टमधून (पिस्टनकडून नळीत हवा जाते त्या भोकातून) खनिज तेल घालायचं नाही. दाबलेली हवा तापते, तेल पेटतं, 'फाट' असा मोठा आवाज येतो आणि धूर निघतो. वेग वाढला असं वाटून आनंद होतो, पण सील जळतं आणि स्प्रिंग तुटते. नळीत सॉल्व्हंट नको, रबरी सील फुगतात. फेल्टचे गोळे किंवा कोरडी चिंधी दोरीने ओढा, पुरे. पीसीपीला (सिलिंडरमध्ये आधीच दाबलेली हवा भरलेल्या एअर रायफलीला) सिलिकॉन वंगण फक्त ओ-रिंगला, आणि एकही स्क्रू सोडायच्या आधी सिलिंडर पूर्ण रिकामा.

नळी मोडून भरायची रायफल कॉक केलेली असताना नळी हाताने धरून ठेवा. ट्रिगर सुटला तर नळी झटक्यात वर येते आणि मध्ये असलेली बोटं तुटतात.

नवखा_नेमबाज:

जोडणी झाल्यावर बरोबर झाली हे कसं कळणार?

शून्यवारा:

चष्मा घालून जोडा, आधी ते. रिकॉइल स्प्रिंग आणि बारीक खिळ्यांच्या स्प्रिंग डोळ्याच्या उंचीवर उडतात. १९११ धाटणीच्या पिस्तुलात नळीचं बुशिंग फिरवताना प्लगवर अंगठा दाबून धरायचा. मॅगझिनचं बूड काढतानाही अंगठा स्प्रिंगवर.

मग पुन्हा रिकामी असल्याची खात्री आणि तपासणी. स्लाइड ओढा, ट्रिगर ओढा: टक् आवाज यायला हवा. ट्रिगर दाबून धरूनच स्लाइड पुन्हा मागेपुढे करा, हॅमर पडता कामा नये. ट्रिगर हळूहळू सोडा, रिसेटचा बारीक टिक जाणवेल. पुन्हा ओढला की टक्. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, काही होता कामा नये. सेफ्टी काढल्यावर आपोआप हॅमर पडला तर बंदूक गनस्मिथकडे. ही तपासणी डमी काडतुसाने करता येते, खऱ्याने कधीच नाही.

एआर धाटणीच्या रायफलीत कॅम पिन विसरून बोल्ट बसवता येतो. दिसायला सगळं जागेवर, पण बोल्ट फिरून कुलूपबंद होत नाही आणि बार झाला तर रायफल तोंडासमोर फुटते. म्हणून सुटे भाग एका कापडावर काढल्याच्या क्रमाने मांडा. शेवटी कापडावर काही उरता कामा नये. आणि एका वेळी एकच बंदूक. दोन बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली एकत्र उघडल्या आणि बोल्टांची अदलाबदल झाली तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं काडतुसासाठीचं नेमकं अंतर) बिघडतो. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळवून बघा.

सहाघरी:

शिशाबद्दल कोणीच लिहिलं नाही? प्राइमरमध्ये लेड स्टिफ्नेट असतं, बार झाला की ते धूळ होऊन सगळीकडे बसतं. नायट्राइल हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जेवायचं टेबल वापरू नका, काम चालू असताना खाणंपिणं आणि सिगारेट बंद. कॉम्प्रेसरने हवा मारून कार्बन उडवू नका, ते शिसं सरळ फुप्फुसात जातं. कोरडा झाडू आणि साधा व्हॅक्यूमही तेच करतात. ओल्या कागदाने पुसा. नंतर साबणाने हात धुवा, हँड सॅनिटायझरने शिसं जात नाही. कपडे वेगळे धुवा. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम त्यांच्यापासून दूरच. अल्ट्रासॉनिक टबमधलं वापरलेलं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, त्यात शिसंच आहे.

नवखा_नेमबाज:

ठेवताना चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलं तर चालतं का?

पितळी_ब्रश:

नाही. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात मुरलेली ओल मिळून पोलाद खातात. फोमच्या पेटीतही तेच, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात उभी ठेवा, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली. सिलिका जेल नारिंगी रंगाचं असेल तर ओल भरल्यावर हिरवं होतं. १२० अंश सेल्सियसच्या भट्टीत दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. लांब साठवणीत शक्य असेल तर तोंड खाली ठेवा, नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं. शेवटचं म्हणजे हातांचे ठसे. घामातलं मीठ निळ्या लेपावर रात्रीत तपकिरी बोटं उमटवतं, म्हणून ठेवण्याआधी तेलाच्या फडक्याने पुसा आणि मग हात लावू नका.

वरवरचा लाल गंज आला तर तेल टाकून कांस्य किंवा ०००० नंबरचं स्टील वूल हलक्या हाताने फिरवा. गंज काढणारी आम्लयुक्त रसायनं आणि व्हिनेगर निळा लेप मिनिटांत उतरवतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पुन्हा वापरायच्या आधी नळीतून दोन कोरड्या चिंध्या. तेलाने भरलेल्या नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते आणि तेल जास्त असेल तर दाबही वाढतो. नळीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर प्रकाश पाडा आणि तोंडातून न पाहता मागून, चेंबरच्या बाजूनेच बघा. महिनोनमहिने पडून राहिलेल्या नळीत माशीने घर केलेलं असू शकतं.

ओलीचिंधी:

चिंधी नळीत अडकली तर? जॅगवरून निसटून मध्येच राहिली आहे.

काळीदारू:

गोळी मारून काढू नका, हे पहिलं आणि शेवटचं. चिंधीसारख्या मऊ अडथळ्यानेही नळी फुगते आणि मग आत एक काळी रेघ कायमची दिसते. दोन्ही बाजूंनी पातळ तेल सोडा, तासभर थांबा, चिंधी जिकडून गेली त्याच्या उलट बाजूने नळीच्या मापाचा सपाट टोकाचा पितळी किंवा लाकडी गज ढकला. ठोकावं लागत असेल तर थांबा आणि गनस्मिथकडे न्या. अडकलेली गोळी असेल, म्हणजे 'फुस्स' आवाज येऊन पुढचं काही न झाल्यावर, तर तीही तशीच. आणि चेंबरमध्ये जिवंत काडतूस अडकलं असेल तर तोंडातून गज घालून ठोकायचं नाही, हाताची बोटं त्या ओळीत येतात.

जवसतेल:

लाकडी दस्त्यावर उकळलेलं जवस तेल लावणाऱ्यांसाठी एक ओळ. चार थेंब, तळहाताने चोळून तापवत, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. पुसलेलं फडकं गुंडाळून केराच्या टोपलीत टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. सॉल्व्हंटच्या चिंध्याही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच.